नुसत्या तांदळाच्या पोत्यावर पावसाळा निघत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

"तीन महिन्यांचा किराणा आजच भरा, उद्या दुकानं रिकामी असतील" हा निरोप आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागलाय. कुणी धाडला, कशावरून धाडला, काही ठाव नाही. खाली नमस्काराचे हात आणि 'पुढे पाठवा'. माझं किराणा दुकान आहे. असल्या निरोपानं गल्ला भरतो, तेव्हा मी खरं तर गप्प बसायला हवं. पण आमच्यासारख्या पावसाच्या भागात प्रत्येक घरात आठ-पंधरा दिवसांचं अन्न असावंच, अशा मताची मी बाई आहे, आणि ह्या निरोपांनी नेमकं तेच बिघडतं, म्हणून लिहिते.

२०२५ च्या मे महिन्यातलं आठवून बघा. ७ मे रोजी देशभर मॉक ड्रिल होणार म्हणून जाहीर झालं आणि त्याच पहाटे पाकिस्तानवरच्या कारवाईची बातमी आली. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. आमच्या तालुक्यात गल्लीगणिक एखादा तरी पोरगा फौजेत, त्यामुळं लढाईची अफवा इथं वाळल्या गवतागत पेटते. दोन दिवस दुकानात उभं राहायला जागा नव्हती. एका ओळखीच्या गृहस्थांनी तांदळाच्या पंचवीस किलोच्या चार पिशव्या गाडीत टाकल्या आणि साखरेचं पोतं आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "भाऊजी, घरात माणसं किती?" म्हणाले, "आम्ही दोघंच की. पोरगा बेंगळुरात." माणसी दिवसाला चारशे ग्रॅम धान्य धरलं तरी त्या दोघांनी चार महिने सकाळ-संध्याकाळ भातच खायचा झाला. बरं, गृहस्थांना मधुमेह. मीठ घेतलं नाही, काडेपेटी घेतली नाही, मेणबत्ती घेतली नाही. अंधार पडला आणि गॅस संपला तर ते शंभर किलो तांदूळ काय कच्चे चावणार होते?

(ज्या घरातली मुलं खरोखर सीमेवर होती, त्या घरची माणसं मात्र नेहमीचाच किराणा नेऊन गेली. हे मी डोळ्यांनी बघितलंय.)

त्याच आठवड्यात केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी यांनी देशात धान्याचा साठा भरपूर आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका, असं सांगितलं होतं. मंत्री आमच्या शेजारच्या धारवाडचे खासदार, पण अफवेला जेवढे पाय असतात तेवढे खुलाशाला नसतात. पेपरात छापून येईपर्यंत माझे तांदूळ, तेल आणि साखर संपत आली होती.

मला सांगायचंय ते पुढचं. सकाळी गाडीवाले येऊन गेले. संध्याकाळी वीटभट्टीवरची माणसं आली. ती रोज येतात. दोन किलो तांदूळ, पाव किलो मसूर, पाव लिटर तेल, एक मिठाची पुडी, चहापत्तीची पाच रुपयांची पुडी. दिवसभर चिखल तुडवून, मजुरी हातात पडली की मग त्यांचा बाजार. त्यांना काय ठाऊक, सकाळी कुणी अख्खं दुकान उचलून नेलंय? दुसऱ्या दिवशी मी शहाणपण करून दोन पोती तांदूळ आणि तेलाच्या पिशव्यांचं एक खोकं आतल्या खोलीत ठेवलं, संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी. कुणीतरी दाराच्या फटीतून फोटो काढला आणि गटावर टाकला, 'दुकानदार माल दडवतायत, साठेबाजी'. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याचं नाव काढून मला दरडावणारे दोन फोन आले. घरात शंभर किलो भरून ठेवलेला माणूस मला दोन पोत्यांबद्दल कायदा शिकवतो, ह्याला काय म्हणावं? एका घराला पाच किलोच देणार, अशी पाटी लावली तेव्हा तर जुनी गिऱ्हाइकं महिनाभर बोलली नाहीत माझ्याशी. बोलेनात तर बोलेनात.

आता साठा कसा करायचा हे खरोखर ज्यांना कळतं त्यांचं सांगते. माझी पोटची पोरं पुण्यात. त्यातल्या धाकट्यानं मध्ये बातमी धाडली की युरोपियन महासंघानं मार्च २०२५ मध्ये तिकडच्या लोकांना सांगितलंय, घरात निदान बहात्तर तास पुरेल एवढं अन्नपाणी ठेवा. मला हसू आलं. आमच्या तालुक्यात आमगाव, कृष्णापूर, गवाळी, पास्टोली, कोंगळे अशी भीमगडच्या जंगलातली गावं आहेत. राज्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत आमगावचं नाव येतं. नाल्यांना पाणी चढलं की ही गावं तुटतात. २०२४ च्या जुलैत आमगावच्या एका आजारी बाईला ताटीवर घालून, खांद्यावरून, जंगलातल्या वाटेनं आणावं लागलं, ते आपल्या वाचकांच्या लक्षात असेल. ही माणसं बहात्तर तासांचं नाही, मृगापासून दसऱ्यापर्यंतचं बघतात, आणि तेही कुणी पत्रक न वाटता.

रोहिणी नक्षत्र निघालं की ती बाजारात उतरतात. त्यांची यादी बघून शहरातल्या माणसानं शिकावं. त्यात तांदूळ नसतातच. भात घरचं, कणगीत. लागेल तसं काढायचं, वाळवायचं, गिरणीवर भरडून आणायचं. सालीतलं भात वर्षभर टिकतं, त्याला सालीचं चिलखत असतं. नाचणी घरची, ती तर दोन-तीन वर्षं ठेवा, तिच्याकडे किडा ढुंकून बघत नाही. कुळीथ घरचे. आमसुलं, आंबोशी, फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवून ठेवलेल्या. ते दुकानातून नेतात काय? खडे मीठ, सुकी मिरची, तेल, गूळ, चहा, साखर, काडेपेट्या, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल, तापाच्या गोळ्या, ओआरएसच्या पुड्या आणि सुका बांगडा. एक म्हातारे मामा वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. पिशवी पुढ्यात टाकून त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आक्का, मीठ घाल आदी. मीठ आसलं की बाकीचं रान देतंय बघ." पावसात अळंबी, कळकाचे कोंब, टाकळ्याची भाजी, सगळं खरंच रान देतं. मीठ तेवढं देत नाही.

मिठाला एक्स्पायरी नसते, ते स्वस्त असतं, आणि ते नसेल तर बाकी सगळा साठा फुकट. तरी अफवेच्या दिवशी माझ्याकडं मीठ मागणारं एकही गिऱ्हाईक नव्हतं. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदीनंतर उत्तरेत मिठाची अफवा उठली, तेव्हा तिकडं मिठासाठी मारामाऱ्या झाल्या. म्हणजे अफवा ज्या जिनसेची, तीच जिन्नस लोक भरतात. आपल्या घरात काय कमी पडतं, हे कुणी बघत नाही.

आणि भरलेलं टिकवायचं कसं, हा दुसरा मुद्दा. आमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीवर हात ठेवला तरी ओला होतो. अशा हवेत पंचवीस किलोची पिशवी उघडी ठेवली की दीड महिन्यात सोंडे आणि जाळी. माझ्या सासूबाई वैशाखाच्या उन्हात धान्य कडकडीत वाळवायच्या, दाताखाली टाकून बघायच्या, कट्कन वाजलं तर भरायचं, नाही तर आणखी एक दिवस ऊन. तुरीला एरंडेल, मुगाला राख, तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला, गव्हात बिब्बे. सांगायचं तर ह्या सगळ्यात खरं काम उन्हाचं. ओल गेली की निम्मी कीड तिथंच गेली. आता मी गिऱ्हाइकांना सोपं सांगते. थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवा. त्यात तांदूळ, डाळ, नाचणी काठोकाठ भरा, ठोकून ठोकून, आत हवा राहता कामा नये, आणि बूच घट्ट लावा. चुकून आत किडा राहिलाच तरी हवेवाचून मरतो. एक बाटली फोडली तर बाकीच्या शाबूत. पिठं मात्र साठवू नका. जोंधळ्याचं पीठ पंधरा-वीस दिवसांत कडवट होतं, बाजरीचं त्याहून लवकर. दाणे ठेवा, दळण महिन्याचं करा. हातसडीचे तांदूळ चवीला छान, पण कोंड्यात तेल असतं, ते खवट होतात. साठ्याला पांढरे पॉलिशचे बरे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या घरात आणू नका. ॲल्युमिनिअम फॉस्फाइड म्हणतात त्याला. हवेतल्या ओलीशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. गोदामवाले पोत्यांवर ताडपत्री अंथरून, माणसं बाहेर काढून, परवाना असलेल्या माणसाकडून ते काम करतात. आपण काय करतो, तर निजायच्या खोलीतल्या पलंगाखालच्या पिंपात गोळी टाकतो आणि दार-खिडक्या लावून झोपतो. त्यावर उतारा औषध नाही. 'गव्हात घालायची गोळी द्या' म्हणून माझ्याकडं अजून लोक येतात. मी ठेवत नाही आणि कुठं मिळते तेही सांगत नाही.

माझं माहेर चिकोडीकडं, दूधगंगेच्या काठी. तिथलं गणित वेगळं. इकडं खानापुरात हालात्रीच्या पुलावर पाणी आलं, रस्ता बंद झाला, तरी घर आणि कणगी कोरडी असते. तिकडं नदीच घरात येते. काळम्मावाडी धरणाचं पाणी सोडलं, वर पाऊस लागला, की मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज हे बंधारे-पूल पाण्याखाली. हे दरवर्षीचंच, त्याचं कुणाला नवल नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी उतरायचं नावच घेईना. यमगर्णीजवळ वेदगंगेनं हमरस्ता अडवला, पलीकडं कोल्हापूर बुडालं. भावाच्या घरी जोंधळ्याची पोती सोप्यात, दोन फूट उंच घडवंचीवर रचलेली. दरवर्षी तेवढी उंची पुरायची. त्या वर्षी पाणी खिडकीला लागलं. जनावरं सोडून, पोरं काखोटीला मारून माणसं शाळेतल्या गंजी केंद्रात (पूरग्रस्तांना पेज-जेवण देतात त्या सरकारी छावणीत) गेली. आठवड्यानं परत आली तर पोती फुगून फाटलेली, जोंधळ्याला मोड आलेले, खाली काळा चिखल आणि असा वास की म्हशीनंही तोंड लावलं नाही. वर्षाची भाकरी उकिरड्यावर गेली. तसलं बुरसटलेलं धान्य धुऊन-वाळवून खाऊ नये. बुरशीचं विष धुण्यानं जात नाही, भाजण्यानंही नाही.

त्या घरात उपयोगी पडला तो माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा. वहिनीनं पोरांच्या खाऊसाठी ठेवलेला. चिरमुरे, फुटाणे, गूळ, शेंगाचटणी आणि जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या. निघताना तिनं तेवढाच उचलला. केंद्रात पहिल्या रात्री गंजी पोचली नव्हती तेव्हा त्या डब्यावर पाच-सहा पोरं जेवली. कडक भाकरी आपल्या भागातल्या कानडी-मराठी सगळ्याच घरांत माहीत आहे, कोरडी राहिली तर महिनाभर काही होत नाही, चूल लागत नाही, नुसती चटणी लावून मोडायची. सरकारी यादीत बिस्किटं लिहितात. लिहोत बापडे. नदीकाठच्यांनी मात्र साठा दोन जागी करावा, असं माझं मत आहे: रोजचं धान्य जिथं असेल तिथं, आणि न शिजवता खाता येईल असा एक डबा वर, उचलून पळता येईल एवढ्याच वजनाचा. रेशनकार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच डब्यात.

पाण्याबद्दल कुणी बोलतच नाही. पुरात चहूकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. विहीर बुडालेली, बोअरला वीज नाही, नळ बंद. बेळगाव शहरात हिडकल आणि राकसकोप धरणांचं पाणी येतं, तेही पंपानंच चढतं. चार माणसांच्या घराला नुसतं प्यायला तीन दिवसांचं पाणी म्हणजे छत्तीस लिटर झालं, वीस लिटरचे दोन कॅन. शंभर किलो तांदूळ नेणाऱ्या भाऊजींना हे दोन कॅन सुचले नाहीत. आणि तांदूळ शिजवायला पाणी लागतं, हेही नाही. तसंच औषधाचं. बीपीची, साखरेची गोळी पंधरा दिवसांची जास्त घेऊन ठेवायला काय अवघड आहे? दुकानातून शेवटच्या दिवशी तेल मिळेल एखादे वेळी, इन्सुलिन मिळणार नाही.

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आपत्ती नदीचीच येते असंही नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोगनोळी नाका बंद झाला, शिनोळीचा रस्ता बंद झाला, आडवाटांवर मातीचे ढीग पडले. महाराष्ट्रातल्या चंदगडची माणसं पिढ्यान् पिढ्या बेळगावच्या बाजारावर जगलेली. त्यांना रातोरात परका देश झाला. पुढच्या वर्षी आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय पाव्हण्याकडं जाता येईना. ते संपलं, तर भाषेवरून कुठं काही झालं की दोन्ही राज्यांच्या बसा थांबतात, फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं तसं. आम्ही बोलायचं मराठीत, रेशन घ्यायचं कर्नाटकाचं, पोरं पुण्यात, दवाखाना कधी कोल्हापूर तर कधी गोवा. आमच्या वाटेतला कुठलाही एक दोर तुटला तरी घर अडतं. म्हणून आठ-पंधरा दिवसांची शिदोरी घरात हवीच. ती भीतीपोटी नको, वहिवाट म्हणून हवी. चैत्र-वैशाखात ऊन असतं, भाव स्थिर असतो, तेव्हा दर खेपेला नेहमीपेक्षा एक किलो जास्त घ्यायचं. जुनं पुढं ओढून खायचं, नवं मागं लावायचं. जे आपण खातो तेच साठवायचं. चार माणसांना पंधरवड्याला वीस-पंचवीस किलो धान्य, चार किलो डाळ-कडधान्य, दोन लिटर तेल, किलोभर मीठ. एवढं एका फडताळात मावतं. ह्याला पोतं लागत नाही.

आणि ज्याच्याकडं त्या एका जादा किलोचेही पैसे नाहीत, त्याचं काय? माझं ह्या पत्रातलं मागणं त्यांच्यासाठी आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात केंद्रानं जून, जुलै, ऑगस्टचं रेशनचं धान्य आगाऊ उचलून वाटायला राज्यांना सांगितलं होतं. जंगलातल्या आणि नदीकाठच्या गावांना ही सोय एखाद्या वर्षीची नको, दरवर्षीची हवी, आणि धान्य रोहिणी निघायच्या आत गावात पोचलं पाहिजे. भर पावसात डोक्यावर दहा किलो तांदूळ घेऊन नाला ओलांडायला लावणं, किंवा अंगठा उठवायला रेंज शोधत टेकडी चढायला लावणं, हे थांबवायला कुठला मोठा निधी लागत नाही. कर्नाटकाच्या अन्नभाग्य योजनेचा रेशनचा तांदूळ आहेच, तारीख तेवढी अलीकडं आणायची. आपल्या दैनिकानं तहसीलदारांकडं हा विषय लावून धरावा.

राहिलं माझ्या दुकानाचं. आपल्याकडं किराणा दुकानांत दिवाळीची भिशी चालते, आठवड्याला थोडे थोडे पैसे भरायचे आणि दिवाळीला रवा-मैदा-तेल-साखर उचलायची. मी तशीच पावसाळी भिशी काढलीय. पाडव्याला वही सुरू, आठवड्याला तीस-चाळीस रुपये, आणि रोहिणीत मीठ, तेल, डाळ, गूळ, काडेपेट्या घरपोच. वीटभट्टीवरच्या बायकांची नावं पहिल्या पानावर आहेत. ह्यात दुकानदाराचं काही जात नाही, उलट उन्हाळ्यात घाऊक भावानं माल उचलता येतो. तालुक्यातल्या इतर दुकानदारांनीही काढावी. हिशेब कसा ठेवायचा हे कुणाला बघायचं असेल तर दुपारी दोन ते चार यावं, तेव्हा दुकानात गर्दी नसते. माझं नाव छापू नका, पुन्हा फोटो नको. पण विचारायला येईल त्याला पत्ता द्यायला माझी हरकत नाही.

आपली,
एक किराणा दुकानदार,
खानापूर (जि. बेळगाव)